खालच्या मजल्यावरून, वरच्या लेकरांसाठी

दहावीचा निकाल लागून अकरावीचं सुरू झालं की आमच्या लातूरला गाद्यावाल्यांचा सीझन असतो. ट्यूशन एरियाकडं जाणाऱ्या रस्त्यांना कापसाच्या गाद्या, लोखंडी कॉट, बादल्या, फोल्डिंगचे टेबल मांडलेले, त्या सामानापाशी भाव करणारे आईबाप आणि त्यांच्यामागं तोंड बारीक करून उभं राहिलेलं एक लेकरू. उदगीर, निलंगा, अहमदपूर, देगलूर, परळी, पार हिंगोली-परभणीकडून क्लाससाठी येतात. 2025 पासून अकरावीचं ॲडमिशन अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालंय तेव्हापासून कुणी पहिल्या यादीत येतं कुणी तिसऱ्या, म्हणून हा सीझन पण लांबतच चाललाय.

आमच्या वरच्या मजल्यावर रूम आहेत. आधी मुलं ठेवायचो, आता मुली ठेवतो, आणि शेजारच्या बिल्डिंगीतल्या पोरांना माझ्याकडून डबा जातो. त्यामुळं दोन्ही बाजूचं माहीत असतं. मला फिजिक्स शिकवता येत नाही, नीटचं, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं, काय कसं करायचं ते सांगायला इथं पावलोपावली होर्डिंग आहेत, त्यावर मी काही बोलत नाही. पण क्लास सुटल्यावरचे जे बारा-चौदा तास असतात ना ते मी बघते, आणि इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय की लेकरू मार्कात मागं पडतं ते सगळ्यात शेवटी दिसतं, त्याच्या आधी त्याची झोप गेलेली असते, जेवण गेलेलं असतं, पैशाचा काहीतरी घोळ झालेला असतो आणि घरी फोनवर रोज "सगळं चांगलंय" चाललेलं असतं. म्हणून हे लिहायलेय. पोरींनो आणि पोरांनो, तुमच्यासाठी, आईबापांनी वाचलं तरी हरकत नाही.

पहिलं म्हणजे रडू येतं. सगळ्यांना येतं. मुली उघड रडतात, एकीचं बघून दुसरी रडती, मग दोघी मिळून मॅगी करतात. पोरं बाथरूममधे नळ सोडून रडतात आणि बाहेर येऊन सर्दी झालीय म्हणतात, ते आम्हाला कळतं बरं का. यात तुमचं काही चुकत नाहीये. आजवर घरात आई उठवायची, ताट वाढायची, शर्टाचं बटन तुटलं तर रात्रीतून लागलेलं असायचं, आणि एका सोमवारपासून ते सगळं बंद, वर अनोळखी पोरांसोबत एका खोलीत, तर रडू येणारच ना. गणपती-महालक्ष्म्यांपर्यंत बहुतेकांचं हे ओसरतं. तोवर एकच करा, दर शनिवारी पिशवी उचलून गावाला पळू नका. एसटीला मुलींना 2023 पासून निम्मं तिकीट आहे हे मान्य, पण दर आठवड्याला गेलं की दर रविवारी रात्री तेच पहिल्या दिवसाचं रडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आणि उलटं पण करू नका, एक मुलगी होती, दिवाळीपर्यंत जाणारच नाही म्हणून हट्टाला पेटली, आणि पोळ्याच्या दिवशी तापानं फणफणली. मधला मार्ग काढा. फोनची वेळ ठरवून घ्या, जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं, बास. दिवसभर आईला व्हॉट्सॲपवर "काय करायलीस" विचारत बसलं की इथं मन लागत नाही आणि तिथं आईचं पण कामात लक्ष लागत नाही.

आता पहिली टेस्ट. ही गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते म्हणजे तुमचं काळीज हलणार नाही. मागं डब्याचा एक पोरगा होता, दहावीला 96 टक्के, गावात बॅनर लागलेला, सरपंचाच्या हस्ते सत्कार. त्यानं पहिल्या टेस्टला फिजिक्सचे 45 च्या 45 प्रश्न सोडवले, एकही सोडायचा नाही अशी शाळेची सवय. 7 बरोबर आले, 38 चुकले. बरोबरला चार मिळतात, चुकलं की एक जातो. म्हणजे 28 मिळाले आणि 38 गेले. मायनस दहा. त्या लेकराला आयुष्यात कधी मार्क कमी पडले नव्हते आणि इथं शून्याच्या पण खाली गेला. डबा न्यायला आला तेव्हा मला म्हणतो, "काकू, मायनस म्हणजे मी बसलोच नसतो तर जास्त मिळाले असते."

आता यात त्याची बुद्धी दहा दिवसांत कुठं गेली का? नाही गेली. दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह असतं, म्हणजे चांगले पाचच विषय धरतात, त्यात प्रत्येक विषयाचे 20 मार्क शाळेच्या हातात असतात, पेपर कसा येणार ते पाठ असतं. इथं पेपरच वेगळा आहे. मराठी मीडियमची पोरं तर पहिले दोन-तीन महिने प्रश्न वाचण्यातच निम्मी दमतात, सर काय बोलायलेत ते कळत नाही आणि हात वर करायची लाज वाटते कारण शेजारची पोरं मान डोलवत असतात. (त्यातल्या निम्म्यांना पण कळलेलं नसतं, ती नुसती डोलवतात.) तो पोरगा पुढं हळूहळू सावरला, पहिल्या नंबरात नाही आला पण मायनसमधून निघाला. काय केलं विचाराल तर काही विशेष नाही, येत नाही तो प्रश्न सोडायला शिकला आणि वर्ग सुटल्यावर रोज एक डाऊट विचारायचाच असं ठरवलं.

पण मला सांगायचंय ते टेस्टचं नाही, टेस्टनंतरच्या तासाचं. निकाल क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफमधे येतो, सगळ्यांची नावं, मार्क, रँक. त्या ग्रुपवर तुमचे वडील पण असतात. म्हणजे तुम्ही क्लासमधून रूमवर पोचायच्या आत वडिलांनी पीडीएफ उघडून बोट लावून खालपर्यंत तुमचं नाव शोधलेलं असतं. आणि तुम्ही काय करता, फोन सायलेंट करून उशीखाली ठेवता. तिकडं चार मिस कॉल झाले की माणूस घाबरतो, मग मला फोन येतो, "ताई, जरा वर जाऊन बघता का." असं करू नका रे. त्यांच्या आधी तुम्ही फोन करा. "पप्पा, टेस्ट खराब गेली, फिजिक्सला इतके पडले, आता मी हे असं असं करणार आहे." एवढी तीन वाक्यं. ओरडतील, ओरडू द्या. ओरडणं दहा मिनिटांत संपतं, लपवलेलं मात्र महिनाभर पुरतं, आणि दर टेस्टला वाढत जातं.

जेवणाचं. परत आलेल्या डब्यावरून मला जितकं कळतं तितकं तुमच्या आईला व्हिडिओ कॉलवरून कळत नाही. भाजी तशीच आणि पोळ्या गायब म्हणजे भाजी आवडली नाही, ते ठीक. भात तेवढा खाल्लेला म्हणजे पोट बिघडलंय. सगळाच्या सगळा डबा तसाच दोन दिवस परत आला तर मी वर जाते. त्यात बऱ्याचदा मुली निघतात. सकाळी सहाला क्लास, उशीर झाला म्हणून काही न खाता पळायचं, अकराला वडापाव, मग दुपारी भूक नाही, मग चक्कर. आपल्या देशात 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्त कमी आहे, सरकारच्याच सर्व्हेत निघालंय ते. शाळेत दर आठवड्याला ती लोहाची निळी गोळी मिळायची आठवतीये का, तुमच्यातल्या किती जणींनी बाकाच्या खाली टाकली ते तुम्हालाच माहीत. सतत थकवा येत असेल, जिना चढला तरी धाप लागत असेल तर सिव्हिलला किंवा कुठल्याही दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या, मोठा खर्च नाहीये. आणि पाळीच्या वेळी पोटात दुखून वर्गात बसवत नसेल तर सरांना "बरं वाटत नाही, घरी जाते" एवढं म्हणलं की पुरे, कारण सांगायला तुम्ही बांधील नाही.

झोपेबद्दल मी हरले आहे. डॉक्टर लोक तुमच्या वयाला 8 ते 10 तास सांगतात आणि इथं पाच तास झोपणारा स्वतःला आळशी समजतो. रात्री दोनला वरच्या खोलीत लाइट दिसतो, सकाळी विचारलं की "अभ्यास केला काकू", आणि अभ्यास म्हणजे एक पान उघडं आणि डोळे मिटलेले. मी एवढंच म्हणेन की रात्री जागून पाठ केलेलं आणि सकाळी टेस्टमधे आठवलेलं, याचा हिशोब तुम्ही स्वतः एक महिना करून बघा. मी सांगून कुणी ऐकलेलं नाही.

पैसे. महिन्याच्या एक तारखेला पैसे येतात आणि वीस तारखेला पोरगा मित्राकडं शंभर मागत असतो, आणि गंमत म्हणजे शंभर मागणाऱ्याला पण कळत नसतं गेले कुठं, कारण स्कॅन करून दिलेले पैसे गेल्यासारखे वाटतच नाहीत. चहा दहा, झेरॉक्स वीस, मित्राच्या बर्थडेचं कॉन्ट्रिब्युशन दोनशे (हे बर्थडे कॉन्ट्रिब्युशन प्रकरण बंद व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, महिन्याला चार बर्थडे असतात). रविवारी ॲपमधली हिस्ट्री उघडून एकदा वहीत लिहून काढा, दोन रविवारांत कळतं. उधारी घ्यायची तर घरचे पैसे येणार त्या तारखेला परत देईन असं सांगून घ्या. आणि गेम. पैसे लावायचे ऑनलाइन गेम 2025 च्या कायद्यानं बंद झालेत, तरी टेलिग्रामवरून कुणी ना कुणी लिंक पाठवतंच. अशा लिंकवर पहिल्यांदा नेहमी जिंकू देतात. मेसचे पैसे असे गेले की पोरगा डबा बंद करतो आणि मला सांगतो, "काकू, डाएट करायलोय." सोळा वर्षांचा, काडीसारखा पोरगा, डाएट!

फोनबद्दल सगळे बोलतात म्हणून मी थोडंच बोलते पण जे बोलते ते नीट वाचा. इन्स्टावर अनोळखी मुलगी रिक्वेस्ट पाठवती, गोड बोलती, व्हिडिओ कॉल करती, पलीकडं नको ते दिसतं, आणि पाच मिनिटांत तुमच्या तोंडाचा स्क्रीन रेकॉर्ड तुम्हालाच येतो की इतके पाठव नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवते. हे पोरांसोबत होतं. पोरींसोबत दुसऱ्या तऱ्हेनं होतं, आधी ओळखीचाच असतो, आधी फोटो मागतो, मग धमकी. दोन्हीत पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की थांबत नाहीत. चॅट डिलीट करायची नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे, ब्लॉक करायचं आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं. 1930 हा सायबरचा नंबर आहे, पैसे गेले असतील तर जितक्या लवकर लावाल तितकं बरं. सगळ्यात अवघड काय वाटतं माहितीये, सांगणं. घरी कसं सांगू, पप्पा मारतील. तर पप्पांना नका सांगू आधी, मावशीला सांगा, मोठ्या भावाला सांगा, क्लासमधल्या ज्या मॅडम बऱ्या वाटतात त्यांना सांगा, मला सांगा. एकट्यानं ते दडवून रात्र काढायची नाही एवढंच.

आणि स्कूटी. सोळाव्या वर्षी स्कूटीवर ट्रिपल सीट क्लासला जाणारे रोज बघते. 18 च्या आधी ॲक्टिव्हासारखी गाडी चालवायचं लायसन मिळतच नाही. पकडलं तर तुमच्यापेक्षा वडिलांना लागतं, 25 हजार दंड, तुरुंगवासाची पण तरतूद आहे, आणि तुम्हाला मग 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. सायकल घ्या. लातूर काही एवढं मोठं नाहीये.

प्रेमाबिमाचं लिहू का नको असं झालंय, पण होतंच ते, अकरावीत नाही तर बारावीत. आवडणं यात काही पाप नाही, मी पण कधीतरी सोळा वर्षांची होते. फक्त त्या माणसासाठी मैत्रिणी सोडायला लागत असतील, पासवर्ड द्यायला लागत असेल, "कुठंय, कुणासोबतंय" याची उत्तरं दिवसभर द्यायला लागत असतील तर ते प्रेम नाही, ती हजेरी आहे. आणि ब्रेकअप झालं तर आठ दिवस गाणी ऐकून रडा, नवव्या दिवशी केस धुवा.

रूम पार्टनरची भांडणं हा माझा रोजचा विषय. निम्मी भांडणं पाण्यावरून असतात. 2016 ला या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आहे, अजूनही नळाला रोज पाणी येत नाही, आणि बाहेरून आलेल्या लेकरांना ते माहीत नसतं, ती अर्धा तास शॉवर घेतात. उरलेली निम्मी भांडणं लाइट बंद करण्यावरून आणि न विचारता वापरलेल्या शाम्पूवरून. पहिल्याच आठवड्यात दोघींनी बसून ठरवून घ्या, लाइट किती वाजता, झाडू कुणाचा कुठला दिवस, फोनवर बोलायचं तर बाहेर. मनात साठवून साठवून डिसेंबरमधे एकदम फुटलं की मग रूम बदलायची वेळ येते, आणि डिसेंबरमधे रिकामी रूम मिळत नाही.

आता जे खरं बोलायचंय ते. काही लेकरांना हे जमत नाही. म्हणजे ती अभ्यास करतात, झोपतात, जेवतात, फोन पण कमी, तरीही जमत नाही, किंवा जमतं पण आवडत नाही. नीटला 2025 ला देशभरातून 22 लाखांच्या वर पोरं बसली होती आणि एमबीबीएसच्या सगळ्या सीटा, सरकारी-खाजगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. हा साधा भागाकार आहे, यात कुणाची अक्कल काढायची गरज नाही. इथल्या प्रत्येक होर्डिंगवर जे फोटो असतात त्यांच्यामागं फोटो नसलेली कितीतरी आहेत आणि ती सगळी काही वाया गेलेली नाहीत. मी त्यांना ओळखते, लग्नपत्रिका द्यायला येतात माझ्याकडं.

तर तसं वाटायला लागलं की आधी हे बघा की ते एका खराब टेस्टमुळं वाटतंय का दोन-तीन महिने सतत वाटतंय. सतत वाटत असेल तर अकरावीतच बोला, बारावीच्या फेब्रुवारीत नाही. स्ट्रीम बदलायची असेल तर कॉलेजच्या ऑफिसात लवकर जाऊन विचारा, सुरुवातीला होतं ते नंतर होत नाही. डिप्लोमाला दहावीवर जाता येतं, तीन वर्षांचा, पुढं इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला. सायन्स पूर्ण करायचं पण डॉक्टर नाही व्हायचं तर राज्याची प्रवेश परीक्षा सीईटी आहे, तिथं निगेटिव्ह मार्किंग नाही, फार्मसी आहे, ॲग्री म्हणजे शेतकीची डिग्री आहे, बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी असते. वडिलांशी बोलताना "मला नाही करायचं" असं म्हणलं की ते फक्त "नाही" ऐकतात. "मला हे करायचंय, त्याचा फॉर्म अमुक तारखेला आहे, फी इतकी आहे" असं म्हणा. कागद समोर ठेवा. आपल्याकडच्या वडिलांना कागद समजतो.

माझ्याकडच्या एका मुलीनं असं केलं होतं. रविवारी वडील डबा घेऊन आले होते, माझ्याच हॉलमधे बसून तिनं सांगितलं, मी आत चहा टाकायच्या निमित्तानं उभी. वडील काहीच बोलले नाहीत, चहा तसाच ठेवून उठून गेले. नंतर महिनाभर त्यांनी तिला फोन केला नाही, आई करायची, ती पण चोरून. सोपं नव्हतं ते. मुलगी त्या महिन्यात रोज संध्याकाळी खाली माझ्याजवळ येऊन मटार सोलत बसायची, बोलायची नाही. मग एक दिवस वडिलांचा फोन आला तो सरळ "त्या ॲग्रीला परभणीत हॉस्टेल मिळतंय का बघ" असा. बाकी काही नाही. ती आता परभणीच्या कृषी विद्यापीठात आहे आणि सुट्टीत आली की मला माझ्या कुंडीतल्या मिरच्यांवरून बोलणी घालते.

आणि कुणाला कधी असं वाटलं की हे सगळं नकोच, आपणच नको, तर तो विचार आला म्हणून घाबरू नका पण तो विचार घेऊन एकटं खोलीत बसू नका. दार उघडं ठेवा, पार्टनरला उठवा, रात्रीचे तीन का असेनात. 14416 वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक मदतीच्या हेल्पलाइनला, फोन लागतो, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. 1098 हा लेकरांच्या मदतीचा नंबर पण तुमच्यासाठीच आहे. खाली काकू असेल तर काकूला उठवा, आमची झोप मोडली तर दुपारी भरून निघते.

आईबापांनी इथपर्यंत वाचलं असेल तर त्यांना एकच, फोन केला की पहिला प्रश्न टेस्टचा नको. आज भाजी काय होती ते विचारा. भाजी वाईट होती म्हणलं तर मला सांगू नका, मला माहीत असतं.

बाकी रूमसाठी मेसेज करणाऱ्यांना, यंदा फुल्ल झालंय, डब्याच्या मात्र दोन जागा आहेत, मेथी चालत असेल तरच विचारा.